पंप उघडताना हरकती, बंद करताना दोन ट्रक मुरूम

आपल्याकडे पेट्रोल पंपाचं भांडण होतं ते उघडताना. शाळेपासून, दवाखान्यापासून ५० मीटर अंतर आहे का, यावर हरकती जातात. जायलाच हव्यात. पण बायपास झाला, जुना पंप बंद पडला, टाक्या निघाल्या की खड्ड्यात मुरूम लोटतात आणि वर प्लॉट पडतात. खालच्या मातीत काय उरलं, हे मात्र विचारलं जात नाही.

अमेरिकेत टाकी कायमची बंद करताना खालची जमीन तपासणं सक्तीचं आहे. १९८४च्या कायद्यापासून तिथे साडेपाच लाखांहून जास्त गळत्या नोंदल्या गेल्या. शोधल्या, म्हणून सापडल्या.

मराठवाड्यासाठी एक हिशेब पुरे. आपल्या पेट्रोलमध्ये १ टक्क्यापर्यंत बेंझिन, म्हणजे कर्करोग घडवू शकणारं रसायन, चालतं. लिटरमागे ते सुमारे पावणेनऊ ग्रॅम भरतं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम. एका लिटर पेट्रोलमधलं सगळं बेंझिन उतरलं, तर १२ हजार लिटरचे ७३ टँकर त्या मर्यादेला पोचतात. लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा मुलखात एक बोअर हातचा जाणंही परवडत नाही.

टाकी काढण्याचं काम अवघड नाही, पण क्रम चुकला की जीव जातो. आधी पाइपांतलं तेल टाकीत उतरवायचं, मग टाकी उपसून तळाचा गाळ काढायचा. आतली वाफ पेटू नये म्हणून हजार लिटरमागे साधारण पावणेदोन किलो सुका बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, तो ऑक्सिजन हटवतो), म्हणजे २० हजार लिटरच्या टाकीला ३५-३६ किलो. त्यानंतर ऑक्सिजन मोजायचा. नेहमीचं ज्वलनशील वायूचं मीटर ऑक्सिजन कमी असला की खोटं कमी दाखवतं, आणि तो आकडा बघून कुणी गॅस कटर लावला तर स्फोट होऊ शकतो. टाकीत माणूस उतरवायचा नाही.

मातीचे नमुने टाकीच्या दोन्ही टोकांखालून, डिस्पेन्सरखालून (गाडीत पेट्रोल भरणाऱ्या यंत्राखालून) आणि पाइपच्या प्रत्येक जोडाखालून घ्यावेत, कारण टाकीपेक्षा जोडच जास्त गळतात. पाण्याचा नमुना ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुपीत, बुडबुडा न ठेवता, आम्ल घालून, बर्फात. मे महिन्यात तेच पाणी प्लास्टिकच्या बाटलीत गाडीच्या डिकीतून नेलं, तर बेंझिन वाटेतच उडतं आणि अहवाल ‘स्वच्छ’ येतो.

अमेरिकेतली सगळी पद्धत मात्र उचलता येणार नाही. वाळूच्या जमिनीत पंपाने हवा ओढून वाफ काढता येते. आपली काळी जमीन ओली असली की हवा जाऊ देत नाही, वाळली की हवा नुसती भेगांतून पळते. खाली बेसाल्टच्या फटी. त्यातून पेट्रोल जवळची विहीर सोडून पलीकडच्या शेतातल्या चालू बोअरकडे ओढलं जाऊ शकतं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की वर तरंगणारं तेलही खाली उतरतं आणि पावसाळ्यात मातीला चिकटून मागे राहतं. म्हणून एकदाच तपासून भागत नाही. मे आणि ऑक्टोबर, दोन्ही वेळा पाणी बघावं.

अमेरिकेत थोडं प्रदूषण जागेवर ठेवून फाइल बंद करतात, कारण आसपासचे लोक बहुधा नळाचं पाणी पितात. जालन्याच्या वस्तीत लोक बोअरचं पाणी पीत असतील, तर तो निकष लावणं अन्याय आहे.

इथेनॉलवरचा वाद मायलेजपाशी अडकलाय. गळतीत जिवाणू आधी इथेनॉल खातात, त्यात ऑक्सिजन संपतो आणि बेंझिन लांबपर्यंत जातं. ऊस पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्यांत हेही बोललं गेलं पाहिजे.

दूषित जागांसाठी केंद्राने २०२५ मध्ये नियम केले. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागा कळवायच्या आहेत. पण मुरमाखाली गेलेला पंप त्या यादीत येणार कसा? टाक्या बहुतेक तेल कंपनीच्या, जमीन अनेकदा शेतकऱ्याची भाड्याने घेतलेली. तेव्हा भाडेकरारातच लिहून घ्यावं: सुरुवातीला दोन निरीक्षण बोअर आणि त्यांच्या पाण्याचा पहिला अहवाल, बंद करताना तपासणी व सफाई कंपनीच्या खर्चाने, आणि काही उरलंच तर सातबाराच्या इतर हक्कात नोंद, म्हणजे प्लॉट घेणाऱ्याला बोअर पाडण्याआधी कळेल.