एमसीबी बसवली म्हणजे ॲल्युमिनियम वायरिंगची काळजी मिटली? नाही

‘जुन्या घरात ॲल्युमिनियमची वायरिंग असली तरी एमसीबी बसवा, काळजी मिटली’ असा मेसेज सांगलीतल्या ग्रुपवर फिरतोय. तो अर्धवट आहे. एमसीबी म्हणजे बोर्डातला आपोआप बंद होणारा स्विच; ती ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटला पडते. सैल जोड तापला तर तिला पत्ताही लागत नाही, कारण करंट नेहमीइतकाच असतो. ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावतं, स्क्रूखाली दबत जातं, वर ऑक्साइडचा थर चढतो. त्यामुळे बिघाड तारेत कमी, टोकांना जास्त. गीझरचं सॉकेट पिवळं पडलंय, जळका वास येतोय? मेन बंद करून परवानाधारक वायरमनला बोलवा. ॲल्युमिनियमला तांब्याची तार पिळून टेप गुंडाळणं (आपला लाडका उपाय!) सगळ्यात वाईट; दोन्ही धातूंसाठी बनवलेलाच कनेक्टर लागतो. २०१९ च्या पुरात ज्यांचे बोर्ड बुडाले होते, त्यांनी जोड आधी तपासून घ्यावेत.