'कुठेही फुकट तंबू ठोका' या मेसेजबद्दल खुलासा

'अमेरिकेतल्या कुठल्याही नॅशनल पार्क किंवा फॉरेस्टमध्ये फुकट तंबू ठोका, परवाना लागत नाही' असा मेसेज सध्या आपल्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. तो मीच आधी टाकला होता, आणि तो अर्धाच खरा आहे.

पार्क वेगळं, फॉरेस्ट वेगळं, ती सांभाळणारी सरकारी खातीही वेगळी. कोलोरॅडोतल्या रॉकी माउंटन नॅशनल पार्कात रानात मुक्कामाला परवाना लागतोच. शेजारच्या अरापाहो-रूझवेल्ट नॅशनल फॉरेस्टमध्ये बऱ्याच ठिकाणी फुकट राहता येतं, पण त्यातल्याच इंडियन पीक्स भागात १ जून ते १५ सप्टेंबर परवाना हवा. हे मला रेंजर (वनाधिकारी) ऑफिसच्या खिडकीवर कळलं, तंबू गाडीत असताना!

फुकट जागी नळ, संडास, कचराकुंडी काहीच नसतं. ओढ्यापासून २०० फूट, म्हणजे साधारण ७० पावलं लांब राहायचं. शौचासाठीही तेवढंच अंतर, आणि सहा ते आठ इंच खोल खड्डा; खुरपं न्याच. मुक्कामाची मर्यादा बहुतेक ठिकाणी १४ दिवस. शेकोटीवर बंदी आहे का, हे निघण्याच्या दिवशीच त्या भागाच्या रेंजर ऑफिसला फोन करून विचारा.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलात त्यांना हा पाठवा.