टॅपिंगसाठी केलेल्या सेटअपबद्दल तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय, की मे महिन्यात आमच्याकडून टॅपिंगसाठी, म्हणजे बोटं तारेवर आपटून वाजवण्यासाठी, बेस गिटारचा सेटअप (तारा आणि नेकची जुळणी) करून घेतलात आणि आता जाड तारेवर पहिल्या पाच फ्रेटना (नेकवरच्या, म्हणजे मानेवरच्या, धातूच्या पट्ट्यांना) खरखर येते, तारा रबरासारख्या सैल लागतात, ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक बदलणारी सळई) न विचारता फिरवला आणि मागूनही फ्लॅटवाउंड (सपाट गुंडाळीच्या) तारा दिल्या नाहीत. दुकानाच्या वहीतली तुमची नोंद समोर ठेवून हे लिहितोय. चारपैकी तीन गोष्टींत कमी-जास्त चूक आमची आहे. तक्रार चारचौघांत केलीत, तर कबुलीही चारचौघांतच द्यायला हवी.

सगळ्यात मोठी चूक आमच्या पहिल्या प्रश्नात झाली. टेबलावर बसून तुम्ही दोन्ही हातांनी टॅपिंग करून दाखवलंत, डाव्या हाताने बेसलाइन आणि उजव्याने वरचे सूर, आणि आम्ही तेवढंच बघून कामाला लागलो. बँडमध्ये बाकीचा वेळ तुम्ही कसं वाजवता, हे विचारलंच नाही. तुमच्या तक्रारीसोबतचा व्हिडिओ बघितल्यावर कळलं, की गाण्याचा बराच भाग तुम्ही बोटांनी चांगला जोर लावून वाजवता.

टॅपिंगमध्ये बोट तार फ्रेटवर आपटतं आणि त्या आपटण्यातूनच सूर निघतो. तार फार हलत नाही, म्हणून ती फ्रेटच्या अगदी जवळ ठेवली तरी चालते. बोटाने जोरात छेडलेली सगळ्यात जाड ई तार मात्र रुंद झोके घेते, तिला जागा लागते. तुमच्या बेसची ॲक्शन, म्हणजे तारेची फ्रेटपासूनची उंची, आम्ही बाराव्या फ्रेटवर ई तारेला १.८ आणि सगळ्यात बारीक जी तारेला १.५ मिलिमीटर ठेवली होती, नेकचा रिलीफ (पुढे ठेवलेला किंचित बाक) ०.१५ मिलिमीटर. टॅपिंगपुरतं हे उत्तम आहे. तुमच्या हाताच्या जोराला कमी पडतं.

जॅझ गिटारवादक एमेट चॅपमन यांनी १९६९ मध्ये दोन्ही हातांची बोटं फ्रेटना समांतर ठेवून टॅपिंग करायची पद्धत शोधली आणि पुढे फक्त त्यासाठी स्टिक हे वाद्य घडवलं. ते छेडून वाजवायचं नसतंच, त्यामुळे त्याची ॲक्शन खुशाल खाली ठेवता येते. तुमच्या बेसला मात्र एकाच कार्यक्रमात दोन्ही कामं करायची आहेत.

आता तारा. तुमच्याकडे ४५-१०५ चा सेट होता, आम्ही ४०-९५ चा घातला (हे आकडे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत). स्केल (तारेची वाजती लांबी) तेच ३४ इंच, ट्यूनिंगही तेच, तेव्हा ढोबळमानाने ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे तो जवळजवळ पाचव्या हिश्श्याने कमी झाला. रबरासारखं वाटतं हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. हलक्या तारा म्हणजे सोपं टॅपिंग, असं सगळीकडे सांगितलं जातं आणि आम्हीही त्याच सवयीने गेलो. माझं आजचं मत विचाराल तर टॅपिंगला खरा आधार एकसारख्या उंचीच्या फ्रेटचा असतो. तुमचे चौदावा आणि सतरावा असे दोन फ्रेट वर आलेले होते, ते आम्ही घासून सपाट केले. तेवढं काम झाल्यावर ४५-१०० च्या तारांवरही तुमचं टॅपिंग छान चाललं असतं. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढणारा कारागीर तारेचा जो स्पर्श तासन्‌तास शोधतो, तोच आम्हाला बेसवर टाळायचा असतो. पण दोन्हीकडे काम त्याच बारकाईचं आहे आणि ते तुमच्या बाबतीत अर्धंच झालं.

ट्रस रॉड फिरवणं गरजेचं होतं. हलक्या तारांनी नेकवरची ओढ कमी होते, नेक मागे झुकते, म्हणून रॉड थोडा सैल करावा लागतो. तरी तो फिरवण्याआधी तुम्हाला सांगायला हवं होतं आणि बिलावर लिहायला हवं होतं. यापुढे बिलावर रिलीफ आणि ॲक्शनचे आधीचे व नंतरचे आकडे लिहून देऊ.

खरखर फक्त पहिल्या पाच फ्रेटना येते, वर सगळं स्वच्छ आहे, हे तुम्ही नेमकं नोंदवलंत त्याबद्दल आभार. त्यावरून रिलीफ आणखी कमी झाला असणार असं वाटतं. बेस आमच्याकडून गेला तो कोरड्या उन्हाळ्यात, तक्रार आली पाऊस लागल्यावर. पुण्याच्या या बदलात लाकूड हलतं. इतका कमी रिलीफ ठेवून वाद्य देताना पाऊस सुरू झाल्यावर पुन्हा दाखवायला सांगणं आमचं काम होतं.

फ्लॅटवाउंडबद्दल मात्र मी ठाम आहे. त्यांचा आवाज गोल आणि दबका असतो, टॅपिंगमध्ये बोट आपटल्याचा जो टोकदार आरंभ तुम्हाला हवा आहे तो त्यात बुडतो. स्टेनलेस स्टीलच्या तारा चमकदार वाजतात, पण बोटांना खरखरीत लागतात आणि फ्रेट लवकर झिजवतात. तुमच्यासाठी निकेलच्या राउंडवाउंडच (गोल गुंडाळीच्या) योग्य. नटजवळ (नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांत बसतात त्या पट्टीजवळ) आवाज निघत राहतो असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. टॅप केल्यावर तार बोटाच्या दोन्ही बाजूंना हलते, तो मागच्या भागाचा आवाज आहे. पहिल्या फ्रेटजवळ केसांचा साधा रबर गुंडाळा, बेसवादक व्हिक्टर वूटनही तेच करतात. टॅप केलेले सूर छेडलेल्यांपेक्षा कमी आवाजात वाजतात, त्यासाठी कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारं उपकरण) लावा. पिकअप (तारेची कंपनं टिपणारा चुंबकी भाग) तारांच्या फार जवळ आणू नका, त्यातला चुंबक तार ओढतो आणि सूर डळमळतो.

बेस घेऊन या. ४५-१०० चा सेट आमच्याकडून लागेल, मजुरी नाही. नटच्या खाचांना आम्ही हात लावलेला नाही, त्यामुळे जाड तारा नीट बसतील. रिलीफ ०.३ च्या आसपास नेऊन ॲक्शन तुमच्यासमोर ठरवू, आधी जोरात छेडून आणि मग टॅप करून. काम झाल्यावरही समाधान झालं नाही, तर मे महिन्यातली सेटअपची रक्कम परत देईन. दुपारी तीननंतर आलात तर मी स्वतः असतो. येताना कार्यक्रमात वापरता तो पट्टा आणा, उभं राहून वाजवताना तुमचा उजवा हात नेकवर कुठून येतो ते मला बघायचंय.