‘किल्ला’तला पाऊस, आमचा टीव्ही आणि आपले तीन आक्षेप

सप्रेम नमस्कार.

घरी बसून पाहिलेल्या चित्रपटांवर आणि मालिकांवर मी गेल्या महिन्यात जे टिपण लिहिले, त्यावरची आपली प्रतिक्रिया मी तीन-चार वेळा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे, की ‘कोर्ट’ दोन संध्याकाळी तुकड्यातुकड्यांनी पाहणे म्हणजे तो पाहणेच नव्हे. ‘किल्ला’तल्या ध्वनीला ‘सपाट’ म्हणण्याचा अधिकार दिवाणखान्यातल्या टीव्हीवर तो पाहणाऱ्याला नाही. आणि ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका या दोन चित्रपटांच्या पंगतीला बसवणे हा चित्रपटांचा अपमान आहे. तिन्ही आक्षेप सारख्या तोलाचे नाहीत. दुसऱ्या बाबतीत आपले म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

आपली प्रतिक्रिया वाचून मी ‘किल्ला’ पुन्हा लावला आणि या वेळी आधी टीव्हीच्या ध्वनीची सेटिंग्ज उघडून पाहिली. तिथे ‘नाइट मोड’ चालू होता. आमच्या सासूबाई शेजारच्या खोलीत साडेनऊलाच झोपतात, त्यामुळे तो कधीतरी मीच चालू केला असणार आणि नंतर विसरले असणार. या सोयीचे काम एवढेच, की बारीक आवाज वर उचलायचे, मोठे आवाज दाबायचे आणि दोहोंमधले अंतर कमी करायचे. रात्रीच्या बातम्यांना ते ठीक आहे. अविनाश अरुण यांच्या या चित्रपटाला ते मारक आहे, कारण त्यात पाऊस हा नुसता ऋतू म्हणून येत नाही. वडील गेलेले, आईची बदली झालेली, पुण्याहून कोकणात येऊन पडलेला चिन्मय मित्रांबरोबर किल्ल्यावर जातो, पावसाची सर येते आणि मित्र त्याला मागे टाकून निघून गेलेले असतात, हा प्रसंग आपल्याला आठवत असेल. पहिल्या वेळी मला त्या पावसाची आणि आधीच्या गप्पांची पातळी जवळजवळ एकच वाटली होती. नाइट मोड बंद करून, हेडफोन लावून, दिवा मालवून पाहिले, तेव्हा पाऊस चहूबाजूंनी आला आणि मुलाच्या हाका त्यात अक्षरशः बुडाल्या. मी ज्याला चित्रपटाचा दोष म्हटले, तो आमच्या टीव्हीतल्या एका बटणाचा दोष होता, आणि ते तपासून न पाहता मी लिहिले ही चूक माझी आहे.

सेटिंग्जमध्ये शिरलेच होते, म्हणून चित्राचेही पाहिले. चित्रपट सहसा सेकंदाला 24 चौकटींनी, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या स्थिर चित्रांनी (फ्रेम्सनी), चालतो. आजकालचे बरेच टीव्ही दोन चौकटींच्या मध्ये स्वतः तयार केलेल्या चौकटी घालून हालचाल गुळगुळीत करतात. क्रिकेटला ते शोभते, पण चित्रपट त्यामुळे रोजच्या मालिकेसारखा दिसू लागतो. तेही बंद केले. ज्यांच्या घरी नवा टीव्ही आला आहे, त्यांनी कोणत्याही चित्रपटाच्या छायाचित्रणाविषयी मत बनवण्याआधी हे एकदा अवश्य पाहावे.

आता ‘कोर्ट’. इथे मात्र मी आपल्याशी सहमत होऊ शकत नाही. 2015 साली हा चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा तो आमच्या तालुक्याच्या गावी आलाच नाही, आणि इथले एकमेव चित्रपटगृह त्याच्या आधीच बंद पडून आता तिथे खताचे गोदाम आहे. उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेली मराठी कलाकृती मला आणि माझ्यासारख्या हजारोंना पाहायची असेल, तर ती घरीच पाहावी लागणार. ती दोन बैठकांत पाहिली, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला डबे करायचे असतात. पण मी थांबले ते एका सुनावणीनंतर, तारीख पडल्यावर. चैतन्य ताम्हाणे यांनी चित्रपट रचलाच आहे तारखांवर: सुनावणी, मध्ये गेलेले दिवस, वकिलांचे घर, पुन्हा सुनावणी. दुसऱ्या संध्याकाळी मी तो पुन्हा लावला, तेव्हा पाणी प्यायला बाहेर आलेल्या सासूबाईंनी विचारले, “अजून निकाल नाही लागला का गं त्याचा?” आणि त्या खुर्ची ओढून बसल्या.

त्या दिवशी त्यांना झोप आली नाही. सासऱ्यांनी बांधाच्या वादात तालुका कोर्टाच्या पायऱ्या कितीतरी वर्षे झिजवल्या होत्या आणि त्याही कधीमधी डबा घेऊन तिथे जाऊन बसत. गीतांजली कुलकर्णींनी साकारलेल्या सरकारी वकील कागदावरचा मजकूर एका सुरात, न थांबता वाचून दाखवतात, तो प्रसंग मला टिपण लिहिताना ताणलेला वाटला होता. सासूबाई म्हणाल्या, “अस्संच वाचतात. आपल्याबद्दलच वाचत असतात, पण आपल्याला कळत नाही.” वीरा साथीदार यांचा लोकशाहीर नारायण कांबळे त्या वेळी ज्या चेहऱ्याने उभा असतो, तो मी त्यानंतर नीट पाहिला. एका गाण्याने सफाई कामगाराला आत्महत्येला प्रवृत्त केले असा त्याच्यावर आरोप आहे, त्याच्या आयुष्याचे काय व्हायचे ते त्या वाचनावर ठरणार आहे, आणि त्या खोलीत ते कोणी ऐकत आहे असे वाटत नाही. शहरातल्या चित्रपटगृहात मला हे वाक्य शेजारच्या खुर्चीवरून ऐकू आले असते का, याचा आपण विचार करावा, अशी माझी मनापासून विनंती आहे.

एक गोष्ट मात्र घरी हरवते, हे मान्य करते. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी कोर्ट बंद होते, माणसे निघून जातात, दिवे मालवले जातात आणि पडदा काही काळ नुसता काळा राहतो. चित्रपटगृहात तो काळोख प्रेक्षकांवरही उतरत असणार. आमच्याकडे मुलाने चित्रपट संपला असे समजून ट्यूबलाइट लावली, आणि न्यायाधीश सहलीला गेलेले दिसू लागेपर्यंत ती बंद करायला सांगायचे मलाही सुचले नाही. तो काळोख मला पूर्ण मिळाला नाही. त्यावर मी टिपणात अवाक्षरही लिहिले नव्हते. ते लिहायला हवे होते.

राहिली पंगतीची गोष्ट. ‘टिपरे’ 2001 पासून काही वर्षे आठवड्याला एकदा घरोघरी येत होते, आणि दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’ या पुस्तकावरून बेतलेली ही मालिका मुळात घरासाठीच घडवलेली होती. कोणी भाजी निवडत आहे, कोणाचे जेवण चालू आहे, अशा खोलीत ती शिरत असे, आणि तिच्यातले घरही तसेच असे: आबा, शेखर, श्यामला, शलाका, शिऱ्या. कोणीही कट रचत नाही, कोणी दागिने घालून झोपत नाही. बारीकसारीक कुरबुरींतून भाग उभा राहतो आणि आबा त्याची नोंद वहीत करतात. अर्ध्या तासात आजोबा आणि नातवाचे नाते इतक्या अलगदपणे दाखवणे हे सोपे काम नाही. आपण तिला कमी लेखता ती ती मालिका आहे म्हणून, तिच्यातला एखादा भाग फसला आहे म्हणून नव्हे. तसा भाग आपण दाखवून दिलात, तर त्यावर मी आनंदाने बोलेन.

‘किल्ला’वरचा परिच्छेद मी आज दुरुस्त केला आहे. ‘सपाट’ हे वाक्य पुसून न टाकता तसेच ठेवले आहे आणि त्याखाली ते का चुकले ते लिहिले आहे. यापुढे प्रत्येक टिपणाच्या वर तो चित्रपट कशावर, किती बैठकांत आणि कोणत्या आवाजात पाहिला, ते नमूद करीन. ‘टिपरे’ मात्र आहेत तिथेच, ‘कोर्ट’च्या शेजारी राहतील.