चिकटत नाही, म्हणजे फॉरेनची!

परवा अर्ध्या कप चहावर मला वाटेला लावलं. दारव्ह्याकडच्या एका जिनिंगवाल्या भाऊंना सेकंडहॅन्ड स्पोर्ट्स कार घ्यायची होती. "जपानहून आली म्हणतात, पाहून द्या जरा." म्हणून सरकीच्या ढिगाशेजारी अर्धा तास गाडीखाली पडून राहिलो.

आधी चेसिस नंबर. तो 17 अक्षरी असला तर सुरुवातीची अक्षरं कारखान्याचा देश सांगतात: डब्ल्यू जर्मनी, झेड इटली, जे जपान. पण खुद्द जपानात विकलेल्या गाडीला हा 17 अक्षरी नंबर बहुधा नसतोच. मॉडेलचा कोड, आडवी रेघ अन् पुढे क्रमांक. इथं सुरुवातीलाच स्वच्छ 'एमए3' होतं, मारुतीचा कोड. म्हणजे खाली आपली मारुती, वर फायबरची बॉडी. काचेवरही 'आयएस 2553', सुरक्षा काचेच्या भारतीय मानकाचा, म्हणजे आपलाच शिक्का. (एकाच काचेवर असता तर काच बदलली म्हटलं असतं. इथं सगळ्यांवर होता.)

हे सांगायला बाहेर आलो, तर तिथं मामाजी. हातात जुन्या भोंग्यातून काढलेलं लोहचुंबक. दारावर टेकवलं, पडलं. बोनेटवर टेकवलं, पडलं.

"पाह्य! चिकटत नाई. आपल्या इकडचा पत्रा चिकटते. हे फॉरेनचं हाय."

"मामाजी, फायबर आहे ते."

"हाव ना, फायबरच! तिकडचंच असन."

"तुमच्या गच्चीवरची टाकी कशाची आहे?"

"टाकीचं काय घेऊन बसले बावा, गाडीचं बोला. अन् दोनच सीट! आपला माणूस अशी गाडी बनवन काय? बुढीले कुठं बसवन, डिक्कीत?"

याला माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं.

खऱ्या जपानी गाडीत डाव्या सीटच्या पायापाशी अपघाताच्या वेळी पेटवायची लाल कांडी असते. आपल्याकडे कोणी तिला विहिरीच्या सुरुंगाची समजेल. जुन्या जपानी रेडिओचा एफएम 76 ते 90 वरच थांबतो, त्यापुढची आपली स्टेशनं लागतच नाहीत. पण हे ऐकतो कोण? वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांच्या आतली, उजव्या स्टिअरिंगची, अन् मुंबई बंदरातूनच. मग कस्टमचं बिल ऑफ एंट्री, म्हणजे माल बाहेरून आणल्याच्या नोंदीचा कागद, हवंच. ते मागितलं, तर विकणारा म्हणतो, "बिलं सगळी भरली आहेत साहेब, एक बाकी नाही."

भाऊ मला म्हणाले, "तुम्ही लय निगेटिव्ह बोलता." मामाजींना भरलेला कप, वर खारी. मला अर्धा, तोही गार. पेट्रोल माझं, पाठ माझी, अन् शर्टाला चिकटलेली रुई धुवायचीही मीच. पुढच्या वेळी आधी पैसे, मग गाडीखाली.

निघताना बोनेट उघडंच होतं. मामाजी कौतुकानं आत वाकले अन् लोहचुंबक खटकन चेसिसला जाऊन बसलं. त्यांनी दोन्ही हातांनी ओढून काढलं, इकडेतिकडे पाहिलं अन् म्हणाले, "एवढं इथं आल्यावर बसवलं असन."