डायनासोरच्या घरात राज्यशास्त्राचं काय काम?

निसर्गविज्ञानाच्या संग्रहालयाचा प्रमुख शास्त्रज्ञच असायला हवा, असं बहुतेकांचं ठाम मत असतं. मला ते मुळीच पटत नाही. कुणी हा वाद काढला की मी लॉस एंजेलिस काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) नॅचरल हिस्टरी म्युझियमचं नाव घेतो. २००१ ते २०१५ या काळात तिथल्या अध्यक्ष होत्या जेन पिसानो. शिक्षण राज्यशास्त्राचं, पीएचडी जॉन्स हॉपकिन्समधून आंतरराष्ट्रीय संबंधांत. हाडं आणि जीवाश्म हा त्यांचा प्रांतच नव्हता.

त्यांचा प्रांत होता शहर. महापौर टॉम ब्रॅडलींच्या काळात लॉस एंजेलिसचं भविष्य आखणाऱ्या 'एलए २०००' उपक्रमात त्यांनी काम केलं. मग साउदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात लोकप्रशासन विभागाच्या डीन, आणि पुढे विद्यापीठाच्या बाह्यसंबंधांच्या वरिष्ठ उपाध्यक्ष. हे विद्यापीठ आणि संग्रहालय यांच्यामध्ये फक्त एक रस्ता आहे. तो ओलांडून त्या पलीकडे गेल्या, एवढंच. पण जुनी शिदोरी सोबत होती.

तिची लगेच गरज पडली. १९१३ साली उघडलेली मूळ इमारत थकली होती. स्टीव्हन हॉल या नामवंत वास्तुरचनाकाराकडून भव्य नवा आराखडा घेतला गेला. २००२ मध्ये संग्रहालयांसाठी कर्जरोखे काढण्याचा प्रस्ताव काउंटीच्या मतदारांसमोर आला. कॅलिफोर्नियात अशा प्रस्तावाला दोन तृतीयांश मतं लागतात. बहुमत मिळालं, पण दोन तृतीयांश नाही. प्रस्ताव पडला.

माझ्या मते पिसानोंची परीक्षा इथेच झाली. 'लोकांना कळत नाही' असं म्हणून वर्षानुवर्षं तोच आराखडा रेटत बसणारे संस्थाचालक कमी नाहीत. इथे भव्य स्वप्न बाजूला ठेवलं गेलं. जुनी इमारतच भूकंपाला तोंड देईल अशी मजबूत केली, तिच्या छतातल्या झाकलेल्या खिडक्या मोकळ्या केल्या, आणि दालनं एकेक करून नव्याने उभी केली. २०१० मध्ये सस्तन प्राण्यांचं दालन, २०११ मध्ये डायनासोरचं. त्यात टी-रेक्सचे तीन सांगाडे शेजारी शेजारी आहेत: पिल्लू, पोरवयातला आणि जवळपास वाढ झालेला 'थॉमस'. एक प्राणी मोठा कसा होत जातो, हे लहान मुलालाही पाटी न वाचता कळतं. शताब्दीच्या वर्षी, २०१३ मध्ये, साडेतेरा कोटी डॉलरचं हे सगळं काम लोकांपुढे आलं. मतपेटीने नाही म्हटलं, तरी काउंटी आणि देणगीदार यांना एका टेबलावर आणून पैसा उभा राहिला. हे काम राज्यशास्त्राचं नाही तर कशाचं?

मला सगळ्यात भावतो तो मात्र बाहेरचा बदल. सिमेंट आणि पार्किंगच्या जागी साडेतीन एकरांची बाग केली. कॅलिफोर्नियातली मूळची झाडं, तळं, फुलपाखरं. आणि त्याच काळात तिथल्या कीटकशास्त्रज्ञांनी शहरातल्या सामान्य कुटुंबांच्या परसात तंबूसारखे जाळीचे सापळे लावले. २०१५ मध्ये त्यातून माश्यांच्या चक्क ३० नव्या जाती जाहीर झाल्या, आणि ज्यांच्या परसात त्या सापडल्या, त्या घरांची नावं त्यांना दिली गेली! हॉलिवूडच्या शहरात, लोकांच्या अंगणात, विज्ञानाला ठाऊक नसलेल्या ३० जाती. शोध शास्त्रज्ञांचाच, ते श्रेय त्यांचंच. पण लोकांचं दार वाजवणारी संस्था आधी घडवावी लागते.

कुणी म्हणेल, संशोधनाचं वजन अशाने कमी होतं. तो धोका खराच आहे. प्रशासक अभ्यासकांच्या कामात लुडबुड करायला लागला की संग्रहालय नुसतं सहलीचं ठिकाण होतं. म्हणून संग्रह अभिरक्षकांच्या, म्हणजे तो सांभाळणाऱ्या अभ्यासकांच्या हाती हवा, आणि दार, पैसा, शहर यांची काळजी घेणारा माणूस वेगळ्या मुशीतला असला तर बिघडत नाही.

२०१५ मध्ये पिसानो निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेल्या लोरी बेटिसन-वर्गा भूगर्भशास्त्रज्ञ आहेत, पण त्याआधी त्या स्क्रिप्स कॉलेजच्या अध्यक्ष होत्या. म्हणजे विश्वस्तांनी याही वेळी शिक्षणसंस्था चालवलेलाच माणूस निवडला.