उभं राहण्याचं भाडं

दिवाळीत आमच्या अमळनेरच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडले. पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्याने जाहीर केलं की तो फ्लॅट घेणार नाही. जुनी ट्रॅव्हलर व्हॅन घेऊन तिची कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर करणार आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन देशभर फिरणार. पुरावा म्हणून त्याने माझाच फोटो टाकला: अमेरिकेत ॲरिझोनातलं वाळवंट, मी राहतो ती गाडी म्हणजे माझं मोटरहोम, पुढे घडीची खुर्ची. खाली ओळ, "मामा तीन वर्षं घरभाडं न देता राहतोय." आप्पाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, तीन शब्दांत निकाल लावला, "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर." मग बाकीचे भाडं म्हणजे पैसे पाण्यात की हप्ता म्हणजे गळ्यात फास, या नेहमीच्या भांडणाकडे वळले. मी गप्प राहिलो. माझी हिशेबाची वही दोघांनीही पाहिलेली नव्हती.

ती आता उघडतो. गाडी २०२२ मध्ये घेतली, जुनीच, पण रोखीने, ६२,००० डॉलरला. तेव्हा करोनामुळे सगळ्यांनाच मोकळ्या हवेची हौस आली होती आणि भाव चढलेले होते. आज तिचे ३५,००० मिळाले तर नशीब. म्हणजे छत्तीस महिन्यांत २७,००० गेले, महिन्याला ७५०. त्यावर कॅम्पग्राउंडची, म्हणजे अशा गाड्या लावायच्या तळावरची जागा ७८०, तिथली वीज १३०, पेट्रोल २१०, विमा १५०, दुरुस्तीचे सरासरी २००, आणि गॅस, कपडे धुणं, टपाल मिळून १२०. बेरीज २,३४०. याआधी मी ज्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये होतो, तिथे विजेसकट १,७२० जायचे.

पेट्रोलचा आकडा बघून हुरळू नका. महिन्याला जेमतेम आठशे किलोमीटर फिरतो म्हणून तो एवढा दिसतो. ही गाडी लिटरला साडेतीन किलोमीटर देते. आमचा ट्रॅक्टर ट्रॉलीवाला ऐकून हसला होता.

पण सगळ्यात जास्त मला त्या ७८० डॉलरचं आश्चर्य वाटतं. चाकं असलेल्या घराचा मोठा खर्च चालण्याचा असेल असं मी समजत होतो. पैसे जातात ते उभं राहण्याचे. एका रात्रीपुरती जागा घेतली तर चाळीस-साठ डॉलर सहज; महिन्याच्या बोलीवर स्वस्त पडते, पण मग फिरणं आलं कुठे? फुकटात उभं राहता येतं, सरकारी पडीक जमिनीवर, साधारण १४ दिवस. पुढे हलायचं. ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइट गावाजवळ अशाच जमिनीवर हिवाळाभर राहायची सोय आहे, १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल. मी गेलो तेव्हा अख्ख्या हंगामाचे १८० डॉलर होते. भाच्याने टाकलेला फोटो तिथलाच. त्यात पाण्याचा नळ दिसत नाही, कारण माझ्या जागी तो नव्हताच. विजेचा खांबही नव्हता.

इथला कायदाही गमतीचा आहे. झोपायची जागा, स्वयंपाकाची सोय आणि संडास असला की आयकरवाल्यांच्या लेखी ही गाडी घर ठरते. कर्जाने घेतली तर व्याजाला घरासारखी वजावट मिळू शकते. हीच गाडी कित्येक गावांत स्वतःच्या प्लॉटवर लावून राहायचं म्हटलं तर मनाई. आणि बरेचसे खाजगी कॅम्पग्राउंड दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी आतच घेत नाहीत. घर जुनं झालं म्हणून गावाने वेशीवर अडवलं, असं आपल्याकडे कुणी ऐकलंय?

मी ग्रीनकार्डवाला. पत्ता बदलला की १० दिवसांत सरकारला कळवणं मला बंधनकारक. आता माझा पत्ता कोणता? साउथ डकोटात टपाल घेऊन पुढे पाठवणारी एक सेवा आहे, तिथला. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर होतो तेव्हा तर हा विचारही शक्य नव्हता; कामाचं ठिकाण अर्जातच लिहिलेलं असतं. भाच्याला हे कुणी सांगितलेलं नाही.

छताचं मात्र नीट सांगतो. मागच्या मार्चमध्ये पलंगावरच्या छताला चहाच्या डागासारखा एक डाग दिसला. वर चढून पाहिलं तर हवेच्या झरोक्याभोवतीचा पुट्टीसारखा मसाला चिरा पडून सुटला होता. बोटाने दाबलं तर खालचं लाकूड भिजलेल्या टोस्टसारखं दबलं. वर्कशॉपने साडेतीन हजार डॉलर सांगितले आणि गाडी अकरा दिवस ठेवून घेतली. गाडी वर्कशॉपमध्ये म्हणजे घरच वर्कशॉपमध्ये. अकरा दिवस मोटेलात काढले. गावी आमचं जुनं घर धाब्याचं, मातीच्या सपाट छताचं होतं. दर वैशाखात आबा धाब्यावर चढायचे, बैलगाडीभर पांढरी माती पसरायचे, धुमसाने ठोकून पन्हाळाकडे उतार काढायचे. मी खालून टोपल्या द्यायचो आणि कुरकुरायचो, की कधी एकदा स्लॅब पडतो. आता दर सहा महिन्यांनी, पाठीत कळ घेऊन, मसाल्याची नळी हातात धरून मी छतावर चढतो. आबांना माती फुकट होती, शेजारी मदतीला होते.

तसंच भरिताचं. वांगं मिळतं, बामणोदचं नसलं तरी. पण गाडीत भाजायला घेतलं की धुराचा भोंगा बोंबलतो. बाहेर भाजावं तर वणव्याच्या भीतीने कित्येकदा शेकोटीला बंदी, आणि बंदी नसेल तेव्हा पाच-सहा ढलप्यांची मोळी सात-आठ डॉलरला. लाकूड लांबून आणलेलंही चालत नाही, त्यातून झाडांची कीड पसरते म्हणून. गावी आमच्या बांधावर कपाशीच्या पऱ्हाट्यांचा ढीग उन्हाळाभर पडून असतो.

म्हणून गावच्या वादात मी आप्पाच्या बाजूचा, असं मात्र नाही. विंचवाची म्हण तो ज्या तोऱ्यात फेकतो तो मला पटत नाही. साक्री-शिंदखेड्याकडचे ठेलारी मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या घोड्यावर संसार लादून मेंढ्यांमागे फिरतात. त्यांनी रात्री शेतात मेंढ्यांचा वाडा बसवला की लेंडीखत मिळतं, म्हणून शेतकरी त्यांना धान्य किंवा पैसे देतो. उभं राहण्याचं भाडं तिथे उलटं वाहतं! मी हे इथल्या शेजाऱ्याला सांगितलं, त्याला वाटलं मी थापा मारतोय. त्या बिऱ्हाडात पोरांची शाळा सुटते, चराईवरून भांडणं होतात, हेही खरं. आणि नंदुरबारच्या डोंगरातून ऊसतोडीला गुजरातेत जाणारी कुटुंबं फडाजवळ प्लास्टिकच्या खोपटात सहा-सहा महिने काढतात. त्यांचे फोटो आमच्या ग्रुपवर कुणी टाकत नाही. भाच्याचं फिरणं आणि त्यांचं फिरणं यांत फरक एकच, भाच्याला परत यायला आप्पाचं घर आहे.

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याचाही दाखला भाच्याने दिला. पर्यटनाला माझी हरकत नाही. आठ दिवस भाड्याने घेऊन तोरणमाळला जा, मजा आहे. पण जुन्या ट्रॅव्हलरच्या पोटात पलंग आणि संडास ठोकायचा, तर आधी आरटीओची मंजुरी लागते. मोटार वाहन कायद्यात मूळ गाडीत परस्पर फेरफार करता येत नाही. आणि संडासाचं टाकं भरल्यावर ओतणार कुठे? इथे त्यासाठी ठिकठिकाणी सोय आहे. तरीही दर आठवड्याला रबरी हातमोजे घालून तो नळा जोडताना मी श्वास रोखून धरतो.

वहीची पानं मी शेवटी ग्रुपवर टाकली. दोन दिवस शांतता. मग भाच्याचा निरोप आला, "मामा, जागेचंच भाडं नडतंय ना? मग आपल्या शेतातच लावली तर?"

आप्पाने लिहिलं, "लाव. आधी बोअरले पाणी लागू दे."